सोन्याच्या गावी सोयरीक

"आपण स्कॉटलंडला सुट्टीवर चाललोय," एवढंच कल्याणीने सासऱ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

दादासाहेब निकाळजे यांनी नुकतीच पंच्याऐंशी ओलांडली होती. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर; हे स्वतः तरुणपणी कॉव्हेंट्रीला आले आणि मोटारींच्या कारखान्यात उभा जन्म काढला. शहरातलं बुद्धविहार ज्यांनी उभं केलं, त्यांतले ते एक. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, आणि सहा वर्षांपूर्वी एकुलता मुलगा प्रज्ञेशही हृदयविकाराने गेला. तेव्हापासून घरात दोघंच, सासरे आणि सून. कल्याणी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या टाकायची. दादासाहेब सकाळी पेपर वाचायचे, दुपारी मागच्या गार्डनमधल्या मेथीला पाणी घालायचे आणि रविवारी विहारात भाषण करायचे. नात तनिषा ब्रिस्टलला नोकरीला होती. फोनवर ती विचारायची, "आजोबा, तुमचा तब्येत कसा आहे?" आणि दादासाहेब दर वेळी उत्तर द्यायचे, "तब्येत बाई आहे बाळा, आणि बरी आहे."

लपवलेली गोष्ट अशी होती. आदल्या उन्हाळ्यात कल्याणी हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींबरोबर स्कॉटलंडच्या पार उत्तरेला फिरायला गेली होती. तिथे समुद्रकाठी हेल्म्सडेल नावाचं छोटं गाव आहे. त्या गावातून एक अरुंद रस्ता आत किल्डोनानच्या खोऱ्यात जातो. वाटेत एका ओढ्याकाठी त्यांनी चहा प्यायला गाडी थांबवली. ओढ्यात गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता. एका हातात पसरट थाळा आणि दुसऱ्या हातात फोन, आणि तो फोनमध्ये ओरडत होता, "अगं ताई, सोनं म्हणजे तसलं सोनं नाही! कोंड्याएवढं! अगं कोंडा, कोंडा!"

कल्याणीला इतकं हसू आलं की कपातला चहा अंगावर सांडला. त्या माणसाने वर बघितलं.

"तुम्हाला कळलं वाटतं," तो म्हणाला.

हा साकेत. वॉटफर्डला राहायचा. रेल्वेच्या सिग्नलिंगमधून रिटायर झालेला, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी कॅन्सरने गेलेली, मूलबाळ नाही. दर जूनमध्ये जुनी कॅम्परव्हॅन घेऊन तो इथे यायचा आणि आठ-पंधरा दिवस ओढ्यातली रेती धुवत बसायचा. त्या दिवसानंतर वर्षभर दोघं फोनवर बोलत राहिली. अधूनमधून एखाद्या शनिवारी तो ट्रेनने कॉव्हेंट्रीला यायचा, दोघं मार्केटजवळच्या कॅफेत जेवायची, थोडं फिरायची, आणि तो परत जायचा. घरी मात्र तो कधी आला नाही. घरी दादासाहेब होते.

"मी त्यांना कसं सांगू?" कल्याणी म्हणायची. "एक तर ते एकटे पडतील. आणि दुसरं म्हणजे..."

"आडनाव," साकेत म्हणायचा.

"आडनाव," ती मान हलवायची.

साकेतचं आडनाव गोखले. दादासाहेबांनी आयुष्यभर जातीविरुद्ध भाषणं केली होती. ब्रिटनमध्येही जात पाळली जाते, तिच्याविरुद्ध कायदा करा, म्हणून भर पावसात पार्लमेंटसमोर फलक धरून उभे राहिले होते. त्यांच्यासमोर हे नाव घ्यायला तिची जीभ रेटत नव्हती.

शेवटी साकेतनेच सुचवलं. "तू त्यांना घेऊन किल्डोनानला ये. मी तिथे असणारच. नुसता एक मराठी माणूस म्हणून ओळख होऊ दे. एकदोन दिवस गप्पा होऊ देत, मग सांगू."

कल्याणीला हे नाटक आवडलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

*

वाटेत पर्थला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं हेल्म्सडेलला पोचली. बंदराच्या वरच्या गल्लीत एका घरी खोल्या घेतल्या होत्या. घराची मालकीण मिसेस मनरो दादासाहेबांच्या काठीचं आणि टोपीचं कौतुक करत राहिली, आणि ते खूश झाले. हवा स्वच्छ होती. कल्याणी म्हणाली, "दादा, इथून जवळच एक जुनं सोन्याचं गाव आहे. जाऊन येऊ या का?"

"सोन्याचं गाव? स्कॉटलंडात?"

"हो ना. कधीकाळी इथे सोनं सापडलं होतं."

खोऱ्यातला रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून कुणी आलं की कडेच्या रुंद जागेत थांबायचं आणि हात हलवायचा. दादासाहेब प्रत्येकाला हात हलवत होते. दोन्ही बाजूंना तपकिरी टेकड्या, मधे चमकती नदी, आणि सगळीकडे मेंढ्या. थोड्या वेळाने ओढा आला, आणि ओढ्याच्या काठी एक फलक. कल्याणीने गाडी थांबवली.

दादासाहेब उतरले. त्यांनी चहूकडे बघितलं. गवत, दगड आणि लांबवर एक जुनी पांढरी व्हॅन होती. जवळच दोन मेंढ्या चरत होत्या.

"गाव कुठंय?"

"तुम्ही उभे आहात तेच गाव," असं म्हणत साकेत ओढ्यातून वर आला. त्याच्या बुटांतून पाणी निथळत होतं. "नमस्कार. मराठी ऐकू आलं म्हणून आलो. या जागेला बाल अन ऑर म्हणतात. त्यांच्या गेलिक भाषेत सोन्याचं गाव."

"अरे वा! मराठी माणूस!" दादासाहेबांचा चेहरा खुलला. "मी दादासाहेब निकाळजे. ही माझी सून, कल्याणी. तुम्ही?"

"साकेत."

"पुढे?"

साकेतने क्षणभर कल्याणीकडे पाहिलं. "गोखले."

"हं," दादासाहेब म्हणाले. मग थोडं थांबून, "पुण्याचे?"

"आजोळ पुण्याचं. मी ठाण्याचा. आता वॉटफर्ड." आणि गडबडीत तो कल्याणीकडे वळून म्हणाला, "नमस्कार, कल्याणीताई."

कल्याणीने ओठ दाबून हसू आवरलं आणि उगाच गाडीच्या डिकीत काहीतरी शोधू लागली.

दादासाहेबांचा स्वभाव असा, की माहिती दिसली की माणूस दुय्यम. त्यांनी फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग साकेतला प्रश्न विचारायला लागले. साकेतही सांगत सुटला. दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींवर काम करून परतलेल्या एका इथल्याच माणसाला या पाण्यात सोनं दिसलं. पेपरात बातमी आली आणि शेकडो लोक धावले. त्यांनी इथे लाकडी खोपट्या बांधल्या, वरच्या ओढ्यावर तंबूंचं दुसरं गाव वसवलं. पुरतं वर्षही झालं नसेल, तोच जमिनीच्या मालकाने, म्हणजे ड्यूकने, परवाने बंद केले. शिकारीला येणाऱ्यांची हरणं बुजत होती आणि मेंढपाळांची तक्रार होती. लोक खोपट्या मोडून निघून गेले.

"आणि त्याच्या आधी?" दादासाहेबांनी विचारलं. "सोनं सापडायच्या आधी इथे कोण होतं?"

"आधी शेतकरी होते. पन्नासेक वर्षं आधी त्यांना सगळ्यांना हाकललं. मेंढ्या जास्त फायद्याच्या होत्या म्हणून. बरेच जण कॅनडाला गेले."

"म्हणजे आधी माणसं हाकलली मेंढ्यांसाठी," दादासाहेब काठीने एकेक गोष्ट जमिनीवर आपटत म्हणाले, "आणि मग हाकलली हरणांसाठी. मेंढ्या अजून आहेत. हरणं?"

"वरती आहेत."

"मग बरोबर. ज्यांची सोय बघायची होती, त्यांची बघितली गेली." ते रागाने त्या चरणाऱ्या मेंढीकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "तो थाळा द्या इकडे."

थाळ्यात रेती घ्यायची, पाणी घ्यायचं, गोल हलवायचं, वरचे खडे फेकायचे, परत पाणी. हलकी माती वाहून जाते, तळाशी काळी रेती उरते आणि नशीब असेल तर त्यात पिवळा ठिपका. साकेतने काठावर घडीची खुर्ची आणून दिली, पायाशी पाण्याची बादली ठेवली. दादासाहेब थाळा हलवता हलवता सांगू लागले, "लहानपणी रविवार पेठेत सोनारांच्या दुकानांसमोर झारेकरी बसायचे. दुकानातला केर विकत घ्यायचे, गटारातला गाळ उपसायचे आणि धुवायचे. आम्ही पोरं उभी राहून बघायचो. असंच, अगदी असंच हलवायचे."

"मीही बघितलेत," साकेत म्हणाला. "आजोळच्या गल्लीतच."

"मग आपण एकाच गटाराकडे बघत होतो म्हणायचं," दादासाहेब म्हणाले, आणि दोघंही हसले.

कल्याणी बाजूला दगडावर बसली होती. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड जरासा हलल्यासारखा तिला वाटला.

*

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनीच घाई केली. न्याहारी निम्मी टाकून म्हणाले, "चल, गोखले वाट बघत असतील."

दुपारपर्यंत त्यांना दोन ठिपके सापडले होते. साकेतने ते रबरी पिचकारीने उचलून काचेच्या छोट्या बाटलीत टाकले, आणि दादासाहेब ती बाटली उन्हात धरून पुन्हा पुन्हा बघत होते. जेवायला तिघं व्हॅनसमोर बसली. कल्याणीने आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी फॉइलमधून निघाली. साकेतने लोणचं काढलं. वारा होता म्हणून मिज नव्हते. मिज म्हणजे तिथली चिलटं. वारा पडला की थव्याने येतात आणि माणसाला फोडून काढतात.

"गोखले," दादासाहेब पोळीचा घास हातात धरून म्हणाले, "तुम्ही एकटे फिरता, पुष्कळ लोक ओळखत असाल. माझं एक काम करा."

"बोला की."

"ही माझी सून. तिच्यासमोरच बोलतो, मला पाठीमागे बोलायची सवय नाही. माझा मुलगा गेला तेव्हा हिचं वय काही फार नव्हतं. आता अठ्ठावन्नची आहे. मी आज आहे, उद्या नाही. पोरगी ब्रिस्टलला. ही त्या घरात एकटी राहील हे मला चालणार नाही. मला हिचं लग्न करायचंय."

कल्याणीच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. "दादा!"

"गप्प बस. बर्मिंगहॅमच्या वधू-वर मेळाव्यात मी नाव दिलं होतं हिचं. दोन वर्षांपूर्वी. एक डेंटिस्ट होता, पण फारच स्वतःबद्दल बोलायचा. मी फोन ठेवून दिला." ते साकेतकडे वळले. "तुमच्या बघण्यात कुणी आहे का? वयाने बरोबरीचा, नीट माणूस. आपल्यातला असला तर उत्तम. आपल्यातला म्हणजे, आमच्यातला."

साकेतने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचे कान लाल झाले होते. कल्याणीला त्याची दया आली. या माणसाला खोटं बोलता येत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि त्याला खरं बोलायला लावणं बरं नव्हतं. ते तिचं काम होतं. तिने ग्लास खाली ठेवला.

"दादा, माणूस आहे," ती म्हणाली. "मी बघितलाय. वर्ष झालं. पण आपल्यातला नाही. हा समोर बसलाय तो."

दादासाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग साकेतकडे. हातातला घास त्यांनी फॉइलवर परत ठेवला.

"वर्ष झालं?"

"हो."

"म्हणजे काल भेटलात ते..."

"काल तुम्ही भेटलात. आम्ही आधीच भेटलो होतो."

"आणि हे तिला ताई म्हणत होते!" दादासाहेब म्हणाले. ऐकणाऱ्याला हसू आलं असतं, पण त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. ते काठी टेकून उठले. "कल्याणी, मला खोलीवर ने."

साकेत उठून काही बोलू लागला. दादासाहेबांनी तळहात दाखवून त्याला थांबवलं आणि गाडीकडे चालू लागले. परतीच्या रस्त्यावर त्यांनी समोरून येणाऱ्या एकाही गाडीला हात केला नाही.

*

जूनमध्ये तिकडे दिवस मावळता मावळत नाही. चहानंतर दादासाहेब एकटेच खाली बंदरावर गेले आणि बाकावर बसून राहिले. कल्याणीने बराच वेळ खिडकीतून पाहिलं. मग त्यांचा स्वेटर घेऊन ती गेली आणि शेजारी बसली.

"घाला, गार आहे."

त्यांनी स्वेटर घातला. समोर दोन होड्या बांधलेल्या होत्या. एका होडीवर एक बाई जाळं गुंडाळत होती.

"मी तुला काय वाटलो गं?" ते म्हणाले. "तुरुंगाचा शिपाई? वर्षभर चोरून भेटत होतात. तनिषाला माहीत आहे?"

"आहे."

"म्हणजे फक्त मलाच नाही."

"दादा, मला भीती वाटत होती. तुम्ही एकटे पडाल म्हणून. आणि त्याच्या आडनावाची."

"एकटा मी तुझं लग्न लावून दिल्यावर पडणारच होतो. त्याचा हिशेब मी कधीच केला होता. ते सोड." त्यांनी काठी दोन्ही पायांच्या मधे धरली. "आडनावाचं म्हणतेस, ते खरं आहे. दर रविवारी मी काय सांगतो विहारात? जाती मोडायच्या तर लग्नं झाली पाहिजेत ना जातीबाहेर? टाळ्या घेतो त्यावर. आणि आज तू म्हणालीस 'हा समोर बसलाय तो', तेव्हा पहिलं माझ्या मनात काय आलं, सांगू? 'हाच का? जगात दुसरा मिळाला नाही?'"

कल्याणीने त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"तुला एक सांगतो. प्रज्ञेशला मी कधी सांगितलं नाही. कॉव्हेंट्रीत आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मला खोली हवी होती. गोऱ्यांच्या घरांवर तर पाट्याच असायच्या. कुणीतरी सांगितलं, एक मराठी गृहस्थ खोली देतात, चांगला माणूस आहे, जा. मी गेलो. दार उघडलं, मराठीत बोलले, आत घेतलं, चहा ठेवायला सांगितला. मला इतकं बरं वाटलं, बाई. आईच्या भाषेत कुणी बोललं होतं कितीतरी दिवसांनी. मग नाव विचारलं. मी सांगितलं. ते आत गेले. बाहेर आले आणि म्हणाले, 'खोली आत्ताच गेली, मिसेसनी दुसऱ्याला शब्द दिला होता.' आतून स्टोव्ह बंद केल्याचा आवाज आला. चहाही नाही मिळाला."

त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं.

"मग कुठे गेलात?"

"कारखान्यातल्या एका आयरिश पोराच्या मावशीकडे. मिसेस डुगन. तिने एवढंच विचारलं, कुत्रा चालेल का. तुझ्या सासूला आणि प्रज्ञेशला आणेपर्यंत तिथेच राहिलो. तो माणूस पुढे गणपतीत, इकडेतिकडे दिसायचा. मी ओळख दिली नाही, त्यानेही नाही. मेलाही असेल कधीच. साकेतचा त्यात काय दोष? तो तेव्हा ठाण्यात दूध पीत असेल. हे मला कळतं. पण कळतं आणि वळतं यात फरक असतो ना, पोरी."

कल्याणीने त्यांचा हात धरला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिने त्यांना शेकडो वेळा चहा दिला होता. त्यांनी तो कधी उरवला नव्हता, कितीही वाईट झाला तरी. आज तिला त्याचं कारण समजल्यासारखं वाटलं.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करणार," ती म्हणाली.

"असलं बोलून मला पापात ओढू नकोस," दादासाहेब म्हणाले. "सकाळी मला तिथे ने. मला त्याच्याशी बोलायचंय. तू गाडीत बसायचं."

*

सकाळी आभाळ भरून आलं होतं. रात्री वरच्या टेकड्यांवर पाऊस झाला असावा. ओढ्याचं पाणी वाढलं होतं आणि चहासारखं तपकिरी झालं होतं. साकेत व्हॅनबाहेर उभा होता. त्याने दाढी केली होती आणि शर्ट इस्त्रीचा वाटत होता, जरी तिथे इस्त्री असणं शक्य नव्हतं.

कल्याणी ठरल्याप्रमाणे गाडीत बसून राहिली. काचेतून तिला दोघं दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. दादासाहेब बोलत होते आणि काठी हलवत होते. साकेत मान खाली घालून ऐकत होता. एकदा त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. मग तो काहीतरी बोलला, थोडंसंच. दादासाहेबांनी मान हलवली. मग त्यांनी काठीने ओढ्यापलीकडे दाखवलं, जिथे जुन्या खोपट्यांची जागा असावी अशी सपाट हिरवळ होती. साकेतने पाण्याकडे बघून नकार दिला. दादासाहेबांनी पुन्हा काठी दाखवली. आणि मग कल्याणीच्या डोळ्यांदेखत साकेत खाली वाकला, आणि पंच्याऐंशी वर्षांचे दादासाहेब निकाळजे त्याच्या पाठीवर चढून बसले.

"अरे देवा," असं म्हणत तिने गाडीचं दार उघडलं. देव मानत नसलेल्या घरातही ते शब्द तोंडात येतातच.

ती ओढ्याशी पोचेपर्यंत दोघं निम्म्या पात्रात होते. "डावीकडे! डावीकडे दगड आहे!" दादासाहेब वरून सूचना देत होते. "दिसतोय मला!" साकेत ओरडत होता. तेवढ्यात त्याचा गुडघा वाकला. तो हळूहळू, जवळजवळ अदबीने खाली बसला, आणि दोघंही छातीपर्यंत पाण्यात.

कल्याणी बूट न काढता आत शिरली. "लागलं का? दादा! लागलं का कुठे?"

"काठी!" दादासाहेब ओरडले. "माझी काठी चालली!" काठी वाहत चालली होती. साकेतने झेप घेतली, ती पकडली, आणि पुन्हा आडवा पडला. दादासाहेब पाण्यात बसूनच खो खो हसायला लागले. कल्याणीने त्यांना असं हसताना प्रज्ञेश गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं आणि हसूही आलं. तिघं एकमेकांना धरून कशीबशी काठावर आली.

व्हॅनमध्ये हीटर लावला. दादासाहेबांनी साकेतचा ढगळ पायजमा आणि जाड जर्सी घातली. बाह्या दुमडाव्या लागल्या. साकेतने चहा केला. आलं घातलं होतं, साखर जरा जास्तच झाली होती. दादासाहेबांनी कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ फुंकर घालत राहिले. मग प्यायले, पूर्ण.

"अजून आहे?"

साकेतने पुन्हा कप भरला.

"ऐक," दादासाहेब त्याला म्हणाले. कालपर्यंत ते 'तुम्ही' म्हणत होते. "लग्न उघडपणे व्हायचं. विहारात सगळ्यांना आमंत्रण जाईल, तुझ्या ठाण्याच्या बहिणीलाही. आली तर आली. आणि माझ्या सुनेला पुन्हा ताई म्हणालास तर मी या ओढ्यात तुला स्वतः बुडवीन."

"नाही म्हणणार," साकेत म्हणाला.

"कुठे करायचं मग? कॉव्हेंट्री की वॉटफर्ड?"

"इथे," कल्याणी म्हणाली. तिलाच नवल वाटलं. "स्कॉटलंडमध्ये रजिस्ट्रार बाहेर येऊन लग्न लावतात. कुठेही."

"इथे? छप्पर नाही, भिंत नाही."

"गाव तर आहे," साकेत म्हणाला.

दादासाहेबांनी खिडकीतून त्या रिकाम्या हिरवळीकडे पाहिलं. "मेंढ्या हाकलाव्या लागतील," ते म्हणाले. "त्यांची जरा सवय मोडायलाच हवी."

*

पुढच्या जूनमध्ये बाल अन ऑरला लग्न झालं. साकेतची बहीण आली नाही. फोनवरसुद्धा ती फार बोलली नाही, आणि साकेतला त्याचं वाईट वाटलं; ते त्याने लपवलं नाही. पण तिची मुलगी ईशिता मेडनहेडहून ड्राइव्ह करत आली, आणि येताना मामासाठी फेटा घेऊन आली, जो वाऱ्याने दोनदा उडाला. कॉव्हेंट्रीच्या विहारातून मिनीबस आली. महिला मंडळाच्या चंदाबाईंनी आधी महिनाभर कुरकुर केली होती, "एवढी चळवळ केली आणि सून गोखल्यांकडे?" पण मिनीबसमध्ये पुढची सीट त्यांनीच पकडली. सगळ्या बायकांच्या पांढऱ्या साड्या आणि खाली रबरी बूट. मिसेस मनरो केक घेऊन आल्या. रजिस्ट्रार बाई रेनकोट घालून उभ्या होत्या आणि त्यांना 'निकाळजे' उच्चारायला जमत नव्हतं. दादासाहेबांनी तिथेच त्यांचा वर्ग घेतला.

एका सपाट दगडावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला होता. मेणबत्त्या काही पेटत्या राहीनात, तेव्हा मिनीबसच्या ड्रायव्हरने जवळच्या एका मेंढपाळाकडून कंदील आणून दिला. दादासाहेबांनी त्रिशरण पंचशील म्हटलं. नेमका वारा पडला आणि मिज आले. तिसऱ्या शीलाला एक त्यांच्या तोंडात गेला. ते थांबले, खोकले, आणि "त्यालाही जीव आहे, पण मी मुद्दाम नाही खाल्ला," म्हणून पुढे चालू झाले.

तनिषाने मराठीत भाषण केलं. "माझा आई खूप हॅपी आहे," ती म्हणाली, "आणि माझी आजोबा बेस्ट आहे. साकेतकाका, वेलकम. आमच्या घरात सगळे खूप बोलतात. सॉरी." एवढं म्हणून ती रडायला लागली, आणि चंदाबाईंनी तिला जवळ घेऊन पदराने तोंड पुसलं.

साकेतने वॉटफर्डचा फ्लॅट विकला आणि ऑगस्टमध्ये कॉव्हेंट्रीला राहायला आला. पहिले काही दिवस अवघड गेले. तो रेडिओ मोठ्याने लावायचा. दादासाहेबांना तो आवाज चालायचा नाही. दादासाहेब रात्रीचा वरणभात सकाळी फोडणी देऊन खायचे. साकेतला वास सहन व्हायचा नाही. कल्याणी हॉस्पिटलमधून आली की दोघंही आपापली तक्रार घेऊन दारात उभे असायचे. ती म्हणायची, "आधी मला बूट तर काढू द्या."

ऑक्टोबरमध्ये दादासाहेबांना खोकला झाला. साकेत त्यांना सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, घेऊन गेला. काउंटरवरच्या मुलीने साकेतला विचारलं, "तुम्ही यांचा मुलगा का?"

साकेत गोंधळला. "नाही, म्हणजे..."

"तो माझ्या सुनेचा नवरा आहे," दादासाहेब खणखणीत इंग्रजीत म्हणाले. मुलीच्या कपाळावर आठ्या पडल्या. मागे रांगेतला एक शीख म्हातारा कान टवकारून पुढे सरकला. दादासाहेबांनी काठी काउंटरला टेकवली, घसा साफ केला आणि साकेतला म्हणाले, "तू बस तिकडे. हे जरा लांबलचक आहे, मी सांगतो त्यांना."